कौलं की पत्रे? ग्रामसभेआधी थोडा इतिहास

मंडळी, गावातल्या जुन्या शाळेची कौलं उतरवून रंगीत पत्रे घालायचे, हा विषय येत्या ग्रामसभेत आहे. ग्रुपवर आधीच दोन तट पडलेत. एक म्हणतो, कौल ही कोकणची परंपरा. दुसरा म्हणतो, जग कुठे गेलं आणि तुम्ही अजून कौलं चाळताय! हात वर करण्याआधी एवढं वाचा.

शाळेवरचं कौल मुळात आपलं नव्हतंच. त्याआधी इथे गवताची, पेंढ्याची छपरं होती आणि ज्यांना परवडे त्यांच्याकडे कुंभाराने घडवलेली नळीची कौलं. खाचा असलेलं, एकमेकांत बसणारं चपटं कौल युरोपातलं. अल्सासमधल्या जिलार्दोनी बंधूंनी १८४१ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. आपल्याकडे ते आणलं बासेल मिशनने. स्वित्झर्लंडमधून आलेल्या या मिशनऱ्यांनी १८३४ मध्ये मंगळूरला काम सुरू केलं. धर्मांतरानंतर जातीतून बाहेर पडलेल्यांना रोजगार हवा होता, त्यातून विणकाम, छपाई असे उद्योग निघाले. १८६५ मध्ये जॉर्ज प्लेब्स्ट यांनी जेप्पूला, नेत्रावतीच्या काठच्या चिकणमातीवर, कौलांचा कारखाना काढला. म्हणून हे 'मंगलोरी' कौल. पहिल्या महायुद्धात सरकारने मिशनचे कारखाने ताब्यात घेतले, पुढे ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. तोवर इतरांनीही कारखाने काढले होते आणि समुद्रमार्गे कौलं मुंबईपर्यंत पोचत होती.

म्हणजे आज ज्याला आपण परंपरा म्हणतो, तो एके काळचा कारखान्याचा नवा माल. तो का टिकला? कमी कौलांत जास्त छप्पर झाकलं जायचं, खाचांमुळे पाणी कमी शिरायचं आणि फुटलं तर तेवढं एकच कौल बदलता यायचं. नळीची कौलं करणाऱ्या कुंभाराचं काम मात्र त्यात गेलं. त्याचं दुःख फारसं कुणी केलं नाही.

आता पत्रा. तोही वाटतो तेवढा नवा नाही. लंडनच्या गोद्यांवर काम करणाऱ्या हेन्री पामर यांनी १८२९ मध्ये पन्हळी पत्र्याचं पेटंट घेतलं. लोखंडाला जस्ताचा मुलामा देण्याचं पेटंट फ्रान्समध्ये सोरेल यांनी १८३७ मध्ये घेतलं. हलका, झटपट बसणारा, गंज कमी धरणारा. म्हणून गोदामं, गिरण्या, रेल्वेच्या शेडवर तो सगळीकडे गेला. पण ही मालाची छपरं होती. भर दुपारी त्याखाली बसून कुणी पाढे म्हणावेत, असा विचार त्यात नव्हता.

वजनाचंही बघा. एक मंगलोरी कौल साधारण दोन ते तीन किलोचं, म्हणजे चौरस मीटरला चाळीस किलोच्या आसपास. पत्रा चार-पाच किलो. म्हणूनच कुजलेल्या वाशांवर कौलं ठेवणं धोक्याचं, हे पत्रेवाल्यांचं म्हणणं खरं आहे. पण कौल आपल्या वजनाने बसतं, तर पत्रा फक्त हूक आणि स्क्रूच्या जोरावर. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत दोन्ही उडाली. फरक एवढाच की कौलं सुटी सुटी जातात, पत्रा मात्र अख्खा उडतो आणि वाटेत जो येईल त्याला कापतो.

कौलं हरतायत ती वेगळ्याच कारणाने. माकडं कौलं फोडतात. दर वर्षी मे महिन्यात शाकारणी करायला हवी, पण छपरावर चढणारी माणसं पुण्या-मुंबईला गेली. मंगळूरकडचे कारखानेही एकामागून एक बंद पडले. आणि सरकारी कामात नव्या छपराला निधी मिळतो, शाकारणीला हात आखडता. नव्या कामाचा फलक लागतो, फोटो निघतो. पन्नास कौलं बदलल्याचा फलक कोण लावणार?

माझं मत सांगतो. वाद परंपरा की प्रगती असा नाहीच. दर वर्षी छपराकडे बघणार कोण, हा प्रश्न आहे. तो आपण टाळला, तर पत्रासुद्धा काही वर्षांत स्क्रूच्या भोकांतून गळायला लागेल आणि समुद्राची खारी हवा उरलेलं काम करील.

म्हणून ग्रामसभेत मी तीन गोष्टी मागणार आहे. आधी आढं, वासे, रिपा जाणकार सुताराकडून तपासून घ्या. लाकूड धड असेल तर कौलं ठेवा आणि शाकारणीसाठी दर वर्षीची रक्कम ठरावात लिहा. लाकूड गेलं असेल तर पत्रा घाला, मी विरोध करणार नाही, पण खाली छत आणि वर गरम हवा जायला वाट हवीच, आणि हूक-स्क्रू किती अंतरावर ते अंदाजपत्रकात लिहिलेलं हवं. शेवटचं, उतरवलेली चांगली कौलं विकू नका, शाळेच्याच पडवीला लावा.

सभेला या. ग्रुपवर अंगठा दाखवून ठराव होत नाही.