२१ दिवसांची हरकत

मराठी माणूस होकार देताना पुष्कळदा ‘हो’ म्हणत नाही, ‘हरकत नाही’ म्हणतो. ग्रामपंचायतीचा होकारसुद्धा कागदावर ‘ना हरकत दाखला’ म्हणूनच उतरतो. हरकत हा शब्द अरबीतला, मूळ अर्थ हालचाल. अरबी लिपीतल्या स्वरखुणांनाही हेच नाव आहे. हिंदीत तो खोडीकडे झुकला, गाण्याच्या बैठकीत गळ्याच्या चपळ वळणाला लागला आणि मराठी दप्तरात मात्र आक्षेप किंवा अडथळा या अर्थाने पक्का झाला. चालण्याचा शब्द अडवण्याचा झाला. त्याच्या शेजारी ‘सूचना’ हा संस्कृत शब्द बसला आणि ‘हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत’ हे सरकारी वाक्य तयार झाले. मुरगूडपासून मुंबईपर्यंत रस्ता असो की आराखडा, लोकांना काय वाटते हे विचारण्याची आपली रीत या एका वाक्यात मावते. पण या जोडीतले दोन्ही शब्द एका घरात जन्मलेले नाहीत. हरकत भूसंपादनाच्या कायद्यातून आली, सूचना नगररचनेच्या कायद्यातून. महामार्गाच्या कामात पहिलीच शिल्लक राहिली आणि दुसरी गळाली. कोल्हापूर जिल्ह्यातला आजचा बराच झगडा या गळतीतून आला आहे, असे माझे म्हणणे आहे.

गावाला विचारण्याची रीत इंग्रजांनी आणली असे नाही. शिवकाळात आणि पेशवाईत वतनाचा, शिवेचा तंटा गोतसभेपुढे जाई आणि निवाड्याचा महजर होई. त्यावर पाटील, कुलकर्णी आणि बलुतेदारांच्या साक्षी असत. ज्याला लिहिता येत नसे तो आपल्या कामाची निशाणी काढी, पाटलाच्या नावापुढे नांगर उमटे. या कागदाचे मोल असे, की ज्याच्या मालकीचा वाद त्याच्याखेरीज बाकीचे गावही साक्षीला बसे. शीव कुठून जाते हे ज्यांना ठाऊक, त्या सगळ्यांना बोलायचा अधिकार होता. अर्थात ही सभा वतनदारांची होती. जातीची उतरंड तिच्यात पुरेपूर होती आणि बाईचा आवाज क्वचितच कागदावर येई. तिला आदर्श मानायचे कारण नाही. एवढेच ध्यानात ठेवायचे, की माहिती असणे हा बोलण्याचा आधार होता, केवळ नुकसान होणे हा नव्हे.

इंग्रजी कायद्याने हा आधार बदलला. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात मालकाला मोजणीवर आणि मोबदल्यावर भांडता येई, पण ‘माझी जमीन घेऊच नका’ असे म्हणायची जागाच नव्हती. १९२१ च्या रामनवमीला मुळशी खोऱ्यात टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापट त्याचे नेते झाले आणि मोबदला नको, जमीन हवी, ही भूमिका मावळ्यांनी घेतली. १९२३ मध्ये, तो लढा चालू असतानाच, कायद्याला ५-अ हे कलम जोडले गेले: अधिसूचना निघाल्यापासून ३० दिवसांत हितसंबंधी व्यक्तीने लेखी हरकत द्यावी, कलेक्टरने ती ऐकावी आणि अहवाल सरकारकडे धाडावा. मुळशीमुळेच हे कलम आले असा दावा मी करत नाही. पण त्या काळी मावळात ज्या प्रश्नाला कायद्यात दारच नव्हते, ते दार या कलमाने किलकिले झाले हे खरे. कोल्हापूर तेव्हा संस्थान होते, कागल त्यातली जहागीर. ब्रिटिश मुलखाचा कायदा इथे आपोआप चालत नसे. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि इथला शेतकरी त्या कायद्याच्या छत्राखाली आला. पुढे २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या ५-अ च्या हक्काचे वजन मूलभूत हक्काच्या जवळ नेऊन ठेवले. तरी जन्मखूण गेली नाही. हरकत ज्याची जमीन जाते त्याची, आणि तीही रेघ मारून झाल्यावर.

दुसरे कूळ शहरातले. १९१५ चा मुंबईचा नगररचना कायदा देशातला पहिला, त्याच्या वारशाने १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम आला. त्यात प्रारूप आराखडा छापून लोकांपुढे ठेवावा लागतो आणि कोणालाही हरकत घेता येते, सूचना करता येते. सातबारा दाखवावा लागत नाही. भाडेकरू, शाळेचा शिक्षक, भाजी विकणारी बाई, कोणीही लिहू शकते. याचा उपयोग होतो का? मुंबईचा २०१४-३४ चा प्रारूप विकास आराखडा फेब्रुवारी २०१५ मध्ये आला, हजारोंनी हरकती पडल्या, आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो रद्द करून नव्याने करायला लावला. सुधारलेला आराखडा २०१६ मध्ये आला, मंजुरी २०१८ मध्ये मिळाली. उशीर झाला. पण आराखडा कागदावर असतानाच त्याच्या चुका निघाल्या, लोकांना पुलावर जाऊन बसावे लागले नाही.

आता कागल तालुक्यातल्या मुरगूडला या. नगरपरिषदेच्या हद्दीत एखादा विकास आराखड्यातला रस्ता रुंद करायचा असेल तर गावातला कोणीही सूचना लिहू शकतो. तोच माणूस वेस ओलांडून वेदगंगेच्या काठच्या शिवारात गेला आणि तिथून महामार्ग जाणार असेल, तर त्याचा हक्क आक्रसतो. १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्यात १९९७ मध्ये घातलेल्या ३-क कलमाप्रमाणे हरकत ‘जमिनीत हितसंबंध असलेल्या’ व्यक्तीची, मुदत २१ दिवसांची. ३० चे २१ झाले आणि सूचना हा शब्द तिथे नाहीच. राज्याच्या महामार्ग कायद्याची घडणही जमीनमालक आणि हितसंबंधी यांच्याभोवतीच आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने सामाजिक परिणामांचा अभ्यास आणि गावात सुनावणी आणली खरी, पण राष्ट्रीय महामार्गाचा कायदा चौथ्या परिशिष्टात टाकून या पायरीतून बाहेर ठेवला. मोबदल्याच्या तरतुदी तेवढ्या त्याला लागू झाल्या.

याने काय निसटते ते कागल तालुक्याच्या कोणत्याही नदीकाठच्या शिवारात दिसेल. इथली ऊसशेती उपशावर आहे. नदीवर जॅकवेल, तिथून सहकारी पाणीपुरवठा संस्थेची पाइपलाइन माळापर्यंत, तिच्यावर कितीतरी खातेदारांचे पाट. महामार्गाची रेघ ही लाइन मध्येच कापते तेव्हा जमीन जाते दोन-चार गटांची, पाणी तुटते पलीकडच्या साऱ्या माळाचे. त्या माळावरच्या शेतकऱ्याचा गट नंबर अधिसूचनेत नसतो, म्हणून तो हितसंबंधी ठरत नाही. पुराचेही तसेच. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेच्या पाण्याने शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला, २०२१ मध्ये पुन्हा. रस्त्याचा भराव कुठे पाणी तुंबवेल, कुठे भरावाऐवजी कमानी पुलाची गरज आहे, हे पिढ्यान् पिढ्या पाणी चढता-उतरता पाहणाऱ्यांना कळते. त्यांनी लिहायचे ते हरकत म्हणून नव्हे, सूचना म्हणून. आणि नेमकी सूचनेलाच जागा नाही. महजरावर निशाणी करणाऱ्या बलुतेदाराला जेवढी जागा होती, तेवढीही नाही.

नागपूर-गोवा शक्तिपीठ महामार्गाची हकिगत या मोजमापाने वाचावी. पवनारपासून पत्रादेवीपर्यंत सुमारे ८०२ किलोमीटर, १२ जिल्हे, सुमारे ८६,३०० कोटींचा अंदाज. २०२४ च्या सुरुवातीला आखणी जाहीर झाली तेव्हा कागल, भुदरगड, करवीर, शिरोळच्या गावांना आपण रेघेखाली आहोत हे कळले. हरकती पडल्या, मोर्चे निघाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यापुरती भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. जून २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने भूसंपादन व नियोजनासाठी २०,७८७ कोटींच्या तरतुदीला मान्यता दिली, आणि १ जुलैला शेतकरी पंचगंगेच्या पुलावर उतरले. रस्ता हवा की नको यावर मतभेद असतील. पण आखणी आधी आणि विचारणा नंतर, या क्रमाने सरकारचाही वेळ वाचला नाही. कोल्हापूरला हा धडा नवा नव्हता. शहरातल्या रस्त्यांवरचा टोल रस्ते झाल्यावर लोकांच्या अंगावर आला, एन. डी. पाटील आणि गोविंद पानसरे यांच्यासारखे वयोवृद्ध नेते रस्त्यावर उतरले, आणि डिसेंबर २०१५ मध्ये तो रद्द करावा लागला.

यावर पहिला आक्षेप अभियंत्यांचा असतो: चढ, वळण, पूल यांचे गणित ग्रामसभेत सुटत नाही. बरोबर आहे, आणि ते सोडवायला कोणी सांगतही नाही. दोन-तीन पर्यायी आखण्या नकाशावर ठेवून कोणत्या आखणीत किती लाइनी तुटतात, कुठे पाणी तुंबते एवढे विचारायचे आहे. दुसरा आक्षेप, विरोध शेवटी मोबदल्यासाठीच असतो. काहींचा असेलही. पण विचारायची वेळ जमीन घ्यायच्या टप्प्यावरच येत असेल, तर बोलणे दरापाशीच येऊन थांबणार. दुसरा प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार: आखणी आधी फुटली तर दलाल जमिनी उचलतील. म्हणूनच २०१३ च्या कायद्यात प्राथमिक अधिसूचनेनंतर व्यवहारांना बंदी आहे आणि बाजारभाव त्या तारखेवर गोठतो. तीच बंदी पर्यायी आखण्यांच्या पट्ट्याला ठरावीक महिन्यांसाठी लावता येईल. गुप्ततेने दलाल थांबत नाहीत, ज्याला आतून कळते त्याचेच फावते. आमदार-खासदार आहेतच की, असेही म्हटले जाते. ते हवेतच, पण कोणत्या गटातून उपशाची लाइन जाते हे त्यांना त्या संस्थेच्या माणसाकडूनच कळणार.

आणि हे अशक्य नाही याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. सप्टेंबर २००८ मध्ये रायगड जिल्ह्यात महामुंबई सेझसाठी जाणाऱ्या जमिनींवर २२ गावांत प्रशासनाने जनमत घेतले. पर्यावरणाच्या बाजूने १९९७ पासून जनसुनावणी सक्तीची झाली आणि २००६ च्या अधिसूचनेने तिची रीत ठरवून दिली. तिथे तरी स्थानिक माणसाला सातबाऱ्याशिवाय बोलता येते, पण तोवर रेघ पक्की झालेली असते. भाषेचाही प्रश्न आहेच. २०२० मध्ये ही अधिसूचना बदलण्याचा मसुदा आला, तेव्हा तो आठव्या परिशिष्टातल्या २२ भाषांत द्यावा असे दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावे लागले. आपल्या शिवारावरचा कागद आपल्या भाषेत मिळावा यासाठी कोर्टात जावे लागणे ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

राज्याच्या महामार्ग कायद्यात ‘हितसंबंधी व्यक्ती’च्या जोडीला ‘कोणतीही व्यक्ती’ आणि ‘हरकती’च्या जोडीला ‘सूचना’ एवढे शब्द घालावेत आणि आखणी पक्की होण्यापूर्वी पर्यायी नकाशे ग्रामसभेपुढे मराठीत ठेवावेत, ही मागणी कागल-भुदरगडच्या प्रत्येक आमदाराने विधानसभेत मांडली पाहिजे. आणि तोवर, ज्यांच्या हाती २१ दिवसांची नोटीस पडेल त्यांनी अर्जात गट नंबर आणि क्षेत्राशी थांबू नये. पाइपलाइन कुठून जाते, तिच्यावर कोण कोण भिजते, २०१९ ला आणि २०२१ ला पाणी कुठवर आले होते, पाणंद कुठे अडेल, हे सगळे त्याच अर्जात लिहावे, पाणीपुरवठा संस्थेचा ठराव जोडावा, आणि प्रांत कचेरीतून तारखेच्या शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय घरी येऊ नये.