कच्चे खाता येणारे बिही

क्विन्स कच्चे खाण्याजोगे नसते, हे वाक्य युरोपीय पाकपुस्तकांत इतक्या वेळा आढळते, की तो या फळाचा जन्मजात स्वभावच वाटावा. इतिहासाची साक्ष निराळी आहे. फारसीत या फळाला 'बेह' किंवा 'बिही' म्हणतात. आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा बिहीदाणा म्हणजे त्याचेच बी.

प्लूटार्क सांगतो, की नववधूने शयनगृहात जाण्यापूर्वी बिही खावे, असा दंडक अथेन्सच्या सोलोनने घातला होता. मुख सुगंधित व्हावे आणि पहिले बोल गोड निघावेत, हा त्यामागचा हेतू. प्लूटार्क सोलोननंतर सुमारे ७०० वर्षांनी लिहीत होता, तेव्हा कायद्याचे श्रेय जपूनच द्यावे. पण फळ शिजवण्याचा उल्लेख तेथे नाही, हे लक्षणीय आहे.

त्याहून स्पष्ट पुरावा रोमचा आहे. इ.स. ७९ मध्ये मरण पावलेला प्लिनी बिहीचे अनेक प्रकार नोंदवतो आणि त्यांपैकी 'मुल्वियन' हा एकच प्रकार कच्चा खाल्ला जातो, असे सांगतो. हा प्रकार एका जातीवर दुसरीचे कलम बांधून आलेला. म्हणजे हे फळ तसेच खाता यावे अशी निवड दोन हजार वर्षांपूर्वीच झाली होती. रोमन घरांत बिही सुवासासाठी बैठकीच्या दालनातही ठेवत.

मग ही परंपरा खुंटली का? पहिले कारण हवामान. बिहीच्या गरात तुरट टॅनिन आणि रवाळ कठीण पेशी असतात. लांबलेल्या कडक उन्हाळ्यात फळ झाडावरच पिकून मवाळ होते; उत्तर युरोपच्या थंड हवेत ते कठीणच राहते. इ.स. ८००च्या सुमारास शार्लमेनच्या राजवटीतील एका आज्ञापत्राने राजमळ्यांत लावायच्या झाडांच्या यादीत बिहीचा समावेश केला. झाड उत्तरेकडे गेले; कच्च्या फळाची गोडी मात्र तेथे पोचली नसावी.

दुसरे कारण साखर, आणि ते अधिक निर्णायक दिसते. बिहीत पेक्टिन भरपूर. साखरेत मंद आचेवर आटवले की गर तांबूस होतो आणि वडीसारखा घट्ट बसतो. पोर्तुगीज भाषेत बिही म्हणजे 'मार्मेलो' आणि ही वडी 'मार्मेलाडा'. १५२४ साली इंग्लंडच्या आठव्या हेन्रीला तिची पेटी भेट मिळाली होती. संत्र्याच्या मुरंब्याने हे नाव पळवले ते पुढे. फळ शिजवायचेच ठरल्यावर ते गोड निपजावे म्हणून धडपडायचे कोणी? फ्रान्समध्ये तर बिहीच्या मुळांवर नासपतीचे कलम बांधत, म्हणजे नासपतीचे झाड ठेंगणे राहते. बिही स्वतःच्या बागेत दुसऱ्याचे पाय झाले.

पूर्वेकडे असे घडले नाही. बाबराने काबूलच्या फळांत द्राक्षे, डाळिंब, जर्दाळू यांच्या पंक्तीत बिहीही मोजले आहे. इराणात आणि तुर्कस्तानात ते आजही फोडी करून कच्चे खातात. तुर्कस्तानातील एका जातीचे नावच 'एकमेक', म्हणजे 'भाकरी', बिही आहे. काश्मिरात त्याला 'बमचूंठ' म्हणतात, पण तेथे ते बहुधा मांसाबरोबर किंवा वांग्याबरोबर शिजते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात ल्यूथर बरबँकने अननसाच्या वासाची, मवाळ गराची 'पाइनॅपल' जात पुढे आणली. परसात लावायला हे झाड सोयीचेही आहे: चार-पाच मीटर उंची, उशिरा येणारा आणि म्हणून हिमकडाक्यातून सहसा वाचणारा मोहर, आणि बहुतेक जाती स्वपरागित, त्यामुळे एकच झाड पुरते. त्याला हिवाळ्याची थंडी मात्र हवीच. म्हणून कोकणात ते रुजले नाही.

नावे मात्र उतरली. नासपतीला पोर्तुगीज 'पेरा' म्हणत. आपला 'पेरू' हा शब्द त्यावरूनच आला असे सामान्यतः मानले जाते. गोव्यातील 'पेराद' ही पेरूची वडी मार्मेलाडाच्याच कृतीने होते. आणि छत्तीसगडात तर पेरूलाच 'बिही' म्हणतात.