नकाशे, ताम्रमुद्रित

तांब्याच्या पत्र्यावर कोरून, कोरलेल्या रेषांत शाई भरून छापलेले नकाशे. टॉलेमीच्या भूगोलग्रंथाची बोलोन्या (१४७७) व रोम (१४७८) येथील मुद्रणे ही या पद्धतीची आद्य उदाहरणे होत. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात अँटवर्प व त्यानंतर ॲम्स्टरडॅम ही या व्यवसायाची प्रमुख केंद्रे बनली. या नकाशांकडे भूगोलविद्येच्या प्रगतीचे टप्पे म्हणून पाहण्याची प्रथा आहे. परंतु ते व्यापारी मालही होते, आणि त्यांतील अनेक गुणदोषांचा उगम भूगोलात नसून तांब्याच्या पत्र्यात आहे.

मूळ आराखडा पत्र्यावर उलटा उतरवून कोरक तो पोलादी कोरणीने खोदत असे. स्थलनामेही उलट्या अक्षरांत कोरावी लागत. पत्र्याला शाई लावून पृष्ठभाग पुसला, की शाई केवळ खोदलेल्या रेषांत उरे. मग ओलसर कागद वर ठेवून तो रुळांच्या दाबयंत्रातून काढीत. रंग नंतर हाताने भरले जात व तो एक स्वतंत्र धंदा होता. काष्ठठशापेक्षा तांब्यावर रेषा अधिक बारीक येते. शिवाय दुरुस्तीही शक्य असते: पत्रा मागून ठोकून वर आणायचा, घासून गुळगुळीत करायचा व त्या जागी नवे कोरायचे. मात्र हे काम वेळखाऊ होते. पत्रा हे प्रकाशकाचे भांडवल असल्याने किनाऱ्याची रेषा चुकीची ठरली, तरी पत्रा झिजेपर्यंत तो छापत राहणे त्याच्या फायद्याचे असे.

गेरार्दुस मर्केटर (१५१२–९४) हा गणिती तसाच निष्णात कोरक होता. तिरप्या लॅटिन अक्षरांच्या वळणावर त्याने १५४० मध्ये एक पुस्तिका लिहिली व ते वळण पुढे नकाशांवर रूढ झाले. त्याचा मित्र अब्राहाम ऑर्टेलियस (१५२७–९८) याने अँटवर्पमध्ये नकाशे रंगविण्यापासून सुरुवात केली. त्याने १५७० मध्ये प्रसिद्ध केलेला ५३ पत्रकांचा संग्रह हा आधुनिक अर्थाने पहिला नकाशासंग्रह मानला जातो. बहुतेक पत्रे फ्रान्स होगेनबर्ग याने कोरले होते. ज्यांचे नकाशे आधारास घेतले, अशा ८७ नकाशाकारांची यादी ऑर्टेलियसने ग्रंथात दिली. असा प्रामाणिकपणा या व्यवसायात पुढे क्वचितच आढळतो.

मर्केटरचे पत्रे योडोकुस होंडियुस (१५६३–१६१२) या कोरकाने १६०४ मध्ये विकत घेतले आणि तीसहून अधिक नव्या नकाशांची भर घालून १६०६ मध्ये ॲम्स्टरडॅमहून संग्रह काढला. त्याच्या मृत्यूनंतर पत्नी कोलेटा व्हान डेन कीरे हिने मुलांसह धंदा चालविला. १६२९ मध्ये होंडियुसचा त्याच नावाचा मुलगा निवर्तला, तेव्हा त्याचे सु. ४० पत्रे प्रतिस्पर्धी विलेम ब्लाउ (१५७१–१६३८) याच्या हाती गेले. ट्यूको ब्राए या ज्योतिर्विदाकडे शिकलेल्या ब्लाउने पत्र्यांवरील होंडियुसचे नाव घासून काढले, स्वतःचे कोरले आणि १६३० च्या संग्रहात ते छापले. होंडियुसचा दुसरा मुलगा हेन्रिकुस व जावई यान्सॉनियुस यांनी तेच नकाशे घाईने पुन्हा कोरवून घेतले. त्यामुळे एकच नकाशा दोन पेढ्यांच्या नावांनी बाजारात आला. नंतरच्या काही दशकांची चढाओढ मुख्यतः खंडांच्या संख्येची होती. विलेमचा मुलगा योआन ब्लाउ याचा ११ खंडांचा लॅटिन संग्रह (१६६२) हा तिचा कळस होय. त्यात सु. ६०० नकाशे आहेत आणि छपाई अप्रतिम आहे. तथापि त्यातील आशिया खंडाचा नकाशा १६१७ च्या सुमाराच्या पत्र्यावरूनच छापलेला आहे. विलेम व योआन हे दोघेही डच ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकृत नकाशाकार होते, पण कंपनीचे सागरी तक्ते गुप्त ठेवावे लागत.

भारताच्या इतिहासाशी या व्यवहाराचा निकटचा संबंध आहे. जहांगीरच्या दरबारी राहिलेल्या टॉमस रोच्या माहितीवरून विल्यम बॅफिनने आखलेला मोगल साम्राज्याचा नकाशा १६१९ मध्ये लंडनला निघाला. तो रेनल्ड एल्स्ट्रॅकने कोरला होता. ॲम्स्टरडॅमच्या प्रकाशकांनी तो थोड्याफार फरकाने आपल्या संग्रहांत घेतला. गोव्याचे उदाहरण अधिक बोलके आहे. आर्चबिशपचा चिटणीस म्हणून १५८३ पासून सु. पाच वर्षे गोव्यात राहिलेल्या यान हाउखेन व्हान लिन्सखोटेन याच्या प्रवासग्रंथात (१५९६) गोवा शहराचा मोठा आराखडा आहे. तो बाप्टिस्टा व्हान डूटेकम याने १५९५ मध्ये कोरला. बाजार, चर्चे, रस्ते व घरे त्यात बारकाईने दाखविली आहेत. सतराव्या शतकात रोगराई व डचांची नाकेबंदी यांनी हे शहर खंगत गेले. १७५९ मध्ये व्हाइसरॉयने आपले निवासस्थान पणजीला हलविले. यूरोपात मात्र लिन्सखोटेनच्या आराखड्यावरून उचललेली, भरभराटीच्या गोव्याची चित्रे छापली जातच होती. अशा प्रतीवरील वर्ष हे शहराच्या स्थितीचा पुरावा म्हणून घेणे घातक आहे.

फेब्रुवारी १६७२ मध्ये ब्लाउच्या छापखान्यास आग लागली व पुढील वर्षी योआन मरण पावला. वाचलेले पत्रे लिलावांतून विखुरले. यान्सॉनियुसचे अनेक पत्रे १६९४ मध्ये पीटर शेंक व गेरार्ड व्हाल्क यांनी घेतले आणि त्यांवर आपली नावे घातली. म्हणून एखाद्या पत्रकाचा काळ ठरविताना संशोधक शीर्षकाखालील नावापेक्षा इतर खुणांवर भिस्त ठेवतात : घासलेल्या नावाच्या पुसट रेषा, पत्र्याला गेलेला तडा, कागदातील जलचिन्ह, आणि संग्रहातील नकाशाच्या पाठीमागे खिळ्यांनी छापलेला मजकूर. हा मजकूर लॅटिन, डच, फ्रेंच इ. भाषांत प्रत्येक आवृत्तीसाठी नव्याने जुळविला जाई; त्यामुळे पुढची बाजू अगदी सारखी असलेल्या दोन प्रतींतील कालांतर पाठीवरून कळू शकते.