दिनविशेष १७ जुलै : ‘रोबोकॉप’ पडद्यावरून खिशात
१९८७ : पॉल व्हरहोव्हन दिग्दर्शित ‘रोबोकॉप’ हा विज्ञानपट अमेरिकेत प्रदर्शित. गोळ्यांनी चाळण झालेल्या डेट्रॉइटच्या पोलिसाला एक कंपनी यंत्रदेह देऊन पुन्हा रस्त्यावर उतरवते, ही त्याची कथा. चित्रपट रक्तरंजित आणि प्रौढांसाठी. पण ब्रिटनच्या ‘ओशन’ कंपनीने तो निन्टेंडोच्या ‘गेम बॉय’ या हातात धरायच्या खेळयंत्रावर व्हिडिओ गेम म्हणून आणला आणि रोबोकॉप पोराटोरांच्या हाती आला. १६० बाय १४४ ठिपक्यांचा हिरवट पडदा, चारच छटा आणि पाठीमागे चार पेन्सिल सेल, एवढाच सारा संसार. गाजली ती मात्र या खेळाची, जोनाथन डन यांनी रचलेली शीर्षकधून. मारधाडीच्या खेळाला न शोभणारी, संथ आणि हुरहुर लावणारी ही धून ‘अरिस्टन’च्या घरगुती उपकरणांच्या जाहिरातीतही वाजली.