लिमाहून वाशीला: तीन तासांच्या उपासनेची कुळकथा

नवी मुंबईतल्या एखाद्या मराठी प्रोटेस्टंट मंडळीच्या वर्षभराच्या खास उपासना पाहिल्या, तर बहुतेकींचं मूळगाव चटकन सांगता येतं. ३१ डिसेंबरच्या मध्यरात्रीची उपासना जॉन वेस्लीने १८व्या शतकात किंग्जवूडच्या कोळसा खाणकामगारांमध्ये रुजवली. हंगामाच्या सणाला आजचं रूप दिलं ते कॉर्नवॉलमधल्या मॉर्वेन्स्टोच्या रॉबर्ट हॉकर या पाळकाने, १८४३ साली. नाताळआधीची नऊ शास्त्रपाठांची आणि गीतांची उपासना १८८० साली ट्रूरोला सुरू झाली, म्हणजे तीही कॉर्नवॉलचीच. इथवर सगळं इंग्लंड. शुभ शुक्रवारचं मूळ शोधायला गेलं, की मात्र वाट थेट दक्षिण अमेरिकेत निघते.

शुभ शुक्रवारची उपासना दुपारी बाराला सुरू होते आणि तीनला संपते. शुभवर्तमानांत अंधार पडल्याची जी वेळ दिली आहे, तीच ही. प्रभूने वधस्तंभावरून काढलेले सात उद्गार एकेक करून घेतले जातात. प्रत्येक उद्गाराला शास्त्रपाठ, मनन, प्रार्थना आणि गीत. मग पुढचा उद्गार. उपदेशकही बहुधा निरनिराळे असतात. बाहेर ऊन भाजत असतं, आत बरेच जण उपाशी असतात आणि तरी बाक रिकामे होत नाहीत.

ही रचना पवित्र शास्त्रातूनच उचलली असावी, असं वाटणं साहजिक आहे. पण सातही उद्गार कुठल्याही एका शुभवर्तमानात नाहीत. तीन लूकमध्ये आहेत, तीन योहानात आणि एक मत्तय व मार्क या दोघांत. ते एका माळेत ओवण्याचं काम नंतरच्या भक्तांनी केलं. कार्डिनल बेलार्मिनने तर १६१८ साली त्यांच्यावर अख्खा ग्रंथ लिहिला. या माळेची तीन तासांची जाहीर उपासना झाली ती पेरू देशातल्या लिमा शहरात, आणि ती बसवली जेझुइट या कॅथलिक संघाने. ल्यूथर-कॅल्विनच्या वारसदारांनी ज्या संघाकडे दोन शतकं संशयानेच पाहिलं, तोच हा संघ!

लिमातही श्रेय कोणाचं, यावर दोन मतं आहेत. प्रचलित कथा आलोन्सो मेसिया या जेझुइटाचं नाव घेते. २० ऑक्टोबर १६८७ला भूकंपाने लिमा उद्ध्वस्त झालं, घाबरलेल्या लोकांना धीर देण्यासाठी मेसियाने ही उपासना सुरू केली, असं ती सांगते. कथा चांगली आहे, पण फार सोयीची आहे. दुसरा दावेदार फ्रान्सिस्को देल कास्तियो. हाही जेझुइट, लिमाच्या बाजारात उभा राहून गुलामांना आणि गोरगरिबांना उपदेश करणारा. शुभ शुक्रवारी तीन तास उपदेश करण्याची त्याची प्रथा १६६०च्या सुमाराची सांगतात आणि तो वारला १६७३ साली, म्हणजे भूकंपाच्या १४ वर्षं आधी. माझं मत कास्तियोच्या बाजूने पडतं. मेसियाने या प्रथेला पुस्तकाचं रूप दिलं, आणि ज्याचं पुस्तक फिरतं त्याचंच नाव टिकतं.

मग भूकंप मध्येच कुठून आला? त्याच १६८७च्या भूकंपानंतर लिमात ‘चमत्कारांच्या प्रभू’ची मिरवणूक सुरू झाली. वधस्तंभावरील ख्रिस्ताचं एक भित्तिचित्र पडझडीतून वाचलं होतं, त्याची प्रतिकृती लोकांनी रस्त्यावर काढली. शहर एक, विषय वधस्तंभाचा आणि काळही तोच. दोन आठवणी एकमेकींत मिसळल्या असणार.

लिमाच्या दाव्याला एक भारदस्त प्रतिस्पर्धी आहे. चौथ्या शतकाच्या अखेरीस एजेरिया नावाची बाई यरुशलेमच्या यात्रेला गेली होती. तिच्या वर्णनात शुभ शुक्रवारी नेमके बारा ते तीन लोक वधस्तंभाच्या जागेपाशी जमतात, दुःखसहनाचे पाठ ऐकतात आणि रडतात. तेव्हा ही प्रथा १,६०० वर्षं जुनी, लिमाने नवं काय केलं, असा आक्षेप येतो. पण एजेरियाच्या वृत्तान्ताचं हस्तलिखित शतकानुशतकं हरवलेलं होतं. ते इटलीत अरेत्सोला सापडलं १८८४ साली. कास्तियोने आणि मेसियाने ते वाचलं असण्याचा प्रश्नच नाही. शिवाय सात उद्गारांची चौकट तिच्याकडे नाही. वेळ जुळली म्हणून वंश जुळत नाही.

लिमाहून ही उपासना जहाजांबरोबर स्पेनला पोचली. अमेरिकेच्या व्यापाराचं स्पेनमधलं मुख्य बंदर तेव्हा कादिस होतं. तिथल्या भक्तांसाठी जोसेफ हायडनने सात उद्गारांवर संगीत रचलं. खिडक्या-खांबांवर काळं कापड, एकच दिवा, एक उद्गार, त्यावर मनन आणि मग वाद्यसंगीत, असा तिथला बेत होता. हायडनची रचना युरोपभर गाजली. लंडनमध्ये ही उपासना १८६०च्या दशकात अँग्लिकनांकडे आली. तिथल्या सेंट अल्बन्स चर्चचा पाळक अलेक्झांडर मॅकोनोची याने ती उचलली. कॅथलिक रीतींच्या ओढीपायी त्याच्यावर खटले भरले गेले, तोच हा मॅकोनोची.

आता खरा वादाचा मुद्दा: ती मराठी मंडळ्यांत कशी आली?

पहिलं उत्तर शेजाऱ्यांचं: वसई-वांद्र्याच्या कॅथलिकांकडून. मला ते पटत नाही. वसईवर १७३९पर्यंत राज्य पोर्तुगिजांचं होतं, आणि ही उपासना स्पेनच्या साम्राज्यात वाढली. दोन्ही देश एका राजाखाली होते ते १५८० ते १६४०, म्हणजे कास्तियोच्या प्रथेच्या आधी. आपल्याकडच्या कॅथलिक शुभ शुक्रवारचा प्राणही वेगळा आहे: ख्रिस्ताची मूर्ती, तिचं दर्शन, मिरवणूक. तो डोळ्यांनी पाहायचा दिवस आहे. बारा ते तीनची उपासना कानांनी ऐकायची आहे.

दुसरं उत्तर अमेरिकन मिशनचं. अमेरिकन मराठी मिशन १८१३पासून मुंबईत आणि १८३१पासून अहमदनगरला होतं, मराठी ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग त्यातूनच घडला. पण या मिशनऱ्यांचं घराणं प्युरिटन. त्यांच्या पूर्वजांनी मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ साली नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड लावला होता! वर्षातला एकच शुक्रवार वेगळा काढणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

माझं बोट पुण्याकडे जातं. काउली फादर्स हा अँग्लिकन संघ १८७४ साली मुंबईत आला आणि पुढे पुण्यात पंचहौदला स्थिरावला. रानडे आणि टिळक १८९० सालच्या ज्या चहापायी ग्रामण्यात सापडले, तो याच मिशनमधला. काउलीचे फादर मॅकोनोचीच्याच पंथातले. त्यांच्या बरोबरीने काम केलं फादर नेहेम्या गोऱ्हे यांनी. पूर्वाश्रमीचे हे काशीचे मराठी पंडित नीलकंठशास्त्री, त्यामुळे मराठीतून मनन करणारा माणूस घरचाच होता. १८७३ साली अँग्लिकनांची एसपीजी ही मिशनरी संस्था नगर जिल्ह्यात उतरली, आणि अमेरिकन मिशनशी तिची चढाओढ झाली. एकाच गावात दोन मंडळ्या, एकाच भावकीत दोन मिशनं. अशा ठिकाणी सोयरिकी होतात, आणि सुना माहेरचे सण बरोबर आणतात. प्युरिटन वळणाच्या मंडळ्यांत ही उपासना शिरली ती या घरच्या वाटेने, असा माझा तर्क आहे. ती शिरू शकली, कारण तिच्यात मूर्ती नाही, मिरवणूक नाही; आहे तो शास्त्रपाठ आणि उपदेश. जेझुइटांनी नकळत प्रोटेस्टंटांच्या मापाचा अंगरखा शिवून ठेवला होता.

याला कॅथलिक बाजूनेही हातभार लागला. १९५५ साली पोप बारावे पायस यांनी पवित्र सप्ताहाच्या विधींची फेररचना केली आणि शुभ शुक्रवारचा मुख्य विधी सकाळऐवजी दुपारनंतर आणला. बारा ते तीनची भक्ती त्यामुळे अनेक ठिकाणी मागे पडली. ज्यांनी ती जन्माला घातली त्यांच्याकडे ती ओसरली आणि उसनवार घेतलेल्यांकडे मुख्य झाली.

आणि नवी मुंबई? ती वसवणाऱ्या सिडकोची स्थापना १७ मार्च १९७०ची. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला नागपुरात सहा परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. नवं शहर आणि एकत्रित चर्च एका वर्षाची भावंडं. खाडीपूल १९७३ साली सुरू झाला, रेल्वे १९९२ साली वाशीला आली, आणि इथल्या मराठी मंडळ्या भरल्या त्या बाहेरून आलेल्या कुटुंबांनी. नगरकडचे अमेरिकन मिशनच्या वळणाचे, कोल्हापूरकडचे प्रेस्बिटेरियन, जालन्याकडचे स्कॉटिश मिशनचे, पुण्याकडचे अँग्लिकन. चाली वेगळ्या, प्रार्थनेच्या सवयी वेगळ्या. अशा मंडळीत एकट्या उपदेशकाने तीन तास बोलावं तर निम्म्यांना तो परका वाटेल. सात उद्गार मात्र वाटून घेता येतात: एक पाळकाला, एक पाहुण्या उपदेशकाला, एक महिला मंडळाला, एक तरुण संघाला. कास्तियोच्या लिमात बोलणारा एकच होता. त्याच्या उपासनेचे सात वाटे करून ते वेगवेगळ्या घरांत देणं ही नव्या वस्त्यांची गरज होती, आणि माझ्या मते म्हणूनच, उगमाच्या कुठल्याही खुणेशिवाय, ही उपासना इथे घरची झाली.