साथीच्या काळांतील विद्यापीठ

सव्वाशें वर्षांच्या अंतरानें आपल्या प्रांतावर दोन मोठ्या साथी आल्या, आणि दोन्ही वेळीं विद्यार्थ्यापुढें एकच प्रश्न उभा राहिला: शिकावयाचें, पण कोठें बसून? मधल्या १९१८ च्या मानमोडीची कथा निराळी आहे. ती आज सांगत नाहीं.

पहिली साथ प्लेगची. १८९६ च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं हा ग्रंथिक सन्निपात ओळखला. उंदरांवरील पिसवा तो रोग पसरवितात हें सिमोंद या फ्रेंच डॉक्टरानें कराचीस १८९८ सालीं दाखविलें. परंतु घरांत उंदीर मरून पडूं लागले म्हणजे घर सोडावें, हें शहाणपण लोकांना शास्त्राच्या आधींच आलें होतें. गांवेंच्या गांवें माळावर झोंपड्या घालून राहत. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत हाफकिन यांनीं लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजीं ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली. मुंबई विद्यापीठाच्या एका कॉलेजची जागा अशा रीतीनें लसीची प्रयोगशाळा झाली.

पुण्यांत फर्ग्युसन कॉलेजचे गणिताचे अध्यापक धोंडो केशव कर्वे यांनीं १८९६ सालीं विधवांसाठीं आश्रम काढला होता. शहरांत प्लेगची भीति, आणि सनातनी मंडळींचा रोष तर प्लेगहून चिवट! १९०० सालीं त्यांनीं आश्रम शहराबाहेर हिंगण्यास हलविला. रावबहादुर गणेश गोविंद गोखले यांनीं सहा एकर जमीन दिली, तीवर एक झोंपडी उभी राहिली, आणि अण्णा कॉलेजांतलें काम संपवून पायीं तेथें जाऊं लागले. पावसाळ्यांत ती वाट म्हणजे निव्वळ चिखल. या हिंगण्याच्या कार्यांतूनच पुढें १९१६ सालीं महिला विद्यापीठ उदयास आलें. साथ नसती तर आश्रम शहरांतच राहिला असता काय, याचा निवाडा कोण करणार? परंतु साथीनें शिक्षणाला मोकळ्या माळावर नेलें, एवढें मात्र खरें.

दुसऱ्या साथीनें याच्या अगदीं उलट केलें. कोरोनाचा विषाणु माणसाच्या श्वासांतून पसरतो. तेव्हां २०२० सालीं बाहेर पडणें हाच धोका ठरला. मार्चच्या अखेरीस लोकल गाड्या थांबल्या. आमचें मीरा-भाईंदर म्हणजे रुळांच्या आधारानें वाढलेलें गांव; येथील मुलें शिकावयास वसई, बोरिवली, पार चर्चगेटपर्यंत जात. तीं सर्व एकाएकीं घरांत कोंडलीं गेलीं, आणि घर म्हणजे बहुधा दोन खोल्या! एका खोलींत वडिलांची कचेरी, दुसरींत धाकट्या भावाची शाळा, ओट्यावर कुकरची शिट्टी, आणि दाराच्या उंबऱ्यावर बसून कानाला तार लावून अर्थशास्त्र ऐकणारी मुलगी, असें दृश्य मीं स्वतः पाहिलें आहे. पुष्कळ घरांत तर असा मोबाइल एकच. त्यावर आधीं कोण बसणार, याचा तंटा आईला सोडवावा लागे. आणि मला सांगावयास खेद वाटतो कीं, निकाल पुष्कळदां मुलाच्या बाजूनें लागे.

शिकविणें कसेंबसें चाललें. खरी अडचण परीक्षेची. जून २०२० मध्यें राज्यसरकारनें ठरविलें कीं, अंतिम वर्षाची परीक्षा घेऊं नये. ६ जुलैस विद्यापीठ अनुदान आयोगानें सांगितलें कीं, ती सप्टेंबरअखेर झालीच पाहिजे. वाद सर्वोच्च न्यायालयांत गेला. २८ ऑगस्ट रोजीं निर्णय झाला कीं, राज्यांना तारीख पुढें ढकलून मागतां येईल, पण परीक्षा न घेतां पदवी देतां येणार नाहीं. त्या वेळीं मुलांना परीक्षेला लोटणें मला निर्दयपणाचें वाटलें होतें. आतां तसें वाटत नाहीं. परीक्षेवांचून मिळालेल्या पदवीला नोकरीच्या दारांत कोणी विचारलें नसतें, आणि तो अन्याय मुलांना जन्मभर पुरला असता.

मुंबई विद्यापीठानें ऑक्टोबरांत ती परीक्षा घरबसल्या घेतली: एक तास, पन्नास गुण, दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडावयाचें. अनेक महाविद्यालयांचे गट करून प्रश्नपत्रिका काढल्या गेल्या. मीं आयुष्यभर निबंध तपासले. मला ही पद्धत रुचणें शक्य नव्हतें. लोकांनीं 'कोरोना बॅच' म्हणून त्या मुलांची थट्टाही केली. ती थट्टा मला अधिक अरुचिकर वाटली. हां, विज्ञानशाखेच्या मुलांच्या हाताला परीक्षानळीचा स्पर्श झाला नाहीं, ही उणीव खरीच होती. पण ती त्यांच्या आळसाची नव्हे.

२० ऑक्टोबर २०२१ रोजीं राज्यांतील महाविद्यालयें पुन्हां उघडलीं. लोकलचा पास मिळण्यास तेव्हां लसीच्या दोन्ही मात्रा व त्यानंतर चौदा दिवस अशी अट होती. २०२० सालीं प्रवेश घेतलेलीं मुलें तोंवर दुसऱ्या वर्षांत गेलीं होतीं. आमच्याच जिन्यांतली एक मुलगी त्या सकाळीं डबा घेऊन निघाली आणि खालच्या पायरीवर थांबून मला विचारूं लागली, "काका, बोरिवलीला उतरलें कीं पूर्वेला जायचें कीं पश्चिमेला?" सव्वा वर्ष ती त्या महाविद्यालयाची विद्यार्थिनी होती.