पिंपरीचं पेनिसिलिन आणि खुलं ज्ञान

पुण्याजवळच्या पिंपरीत १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली, ती युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने. कारखाना पेनिसिलिनचा होता, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो संशोधनाचाही होता. पेनिसिलिनचा इतिहास पाहिला तर ही बाब किरकोळ वाटत नाही. पेनिसिलिनला औषधाचं रूप देणाऱ्या ऑक्सफर्डच्या मंडळींनी त्याचं पेटंट घेतलं नाही. मका भिजवलेल्या पाण्यात बुरशी वाढवण्याच्या कृतीवर मात्र अमेरिकी संशोधक अँड्र्यू मॉयर यांनी ब्रिटनमध्ये पेटंट मिळवलं. मूळ शोध मोकळा राहिला, पण तो मोठ्या प्रमाणावर बनवण्याची वाट तितकी मोकळी राहिली नाही. पिंपरीच्या संशोधकांनी आपले निष्कर्ष ‘हिंदुस्तान अँटिबायोटिक्स बुलेटिन’मध्ये छापले, हे म्हणूनच मला कारखान्याच्या उत्पादनाइतकंच मोलाचं वाटतं.

यावर आक्षेप सरळ आहे: पिंपरीच्या कारखान्यातल्या एम. जे. थिरुमलाचार यांच्या चमूने इथल्याच जिवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधलं, तेव्हा पेटंट घेतलंच की! घेतलं. पण पेटंट विक्रीचा हक्क राखतं. प्रसिद्ध झालेला प्रयोग इतरांना तपासता येतो, खोडताही येतो. ‘स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना’ या नावानिशी तो जिवाणू जगाच्या शास्त्रीय वाङ्मयात नोंदला गेला. खरी अडचण वेगळी होती: छापील अंक मोजक्या ग्रंथालयांतच पोचत.